काळ्या टेपखालचा दिवा

आमची गाडी चौदा वर्षांची. लिटरला सोळा किलोमीटर देणारी ती अकरावर आली आणि पीयूसीत नापास झाली. म्हणून तिचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धूर तपासून पेट्रोल किती लागेल ते इंजिनाला कळवणारा भाग, बदलायचं ठरवलं. कंपनीचा महाग पडतो म्हणून दुकानातून दुसऱ्या बनावटीचा आणला. घरी येऊन पाहतो तर खोक्यावर एक नंबर, सेन्सरवर दुसरा आणि आट्यांमध्ये काजळी. कुणाच्या तरी गाडीतून काढून ब्रशने घासलेला माल होता तो. शिसारी आली.

अकरा वर्षं माझी गाडी बघणाऱ्या मेकॅनिकला तो दाखवला. तो हसला.

"काका, परत करा हो तो. मागच्या वेळी केलं तेच करू."

"मागच्या वेळी काय केलं होतंस?"

"डॅशबोर्डात इंजिनाचा बिघाड दाखवणारा दिवा असतो, त्यावर काळी टेप. तुम्ही तर खूश होऊन गेलात."

दोन वर्षं मी दर महिन्याला वहीत लिहीत होतो : 'इंजिनाचा दिवा लागत नाही. ठीक.' किल्ली फिरवली की तो क्षणभर लागायलाच हवा, एवढंही मी पाहिलं नव्हतं. त्या मेकॅनिकइतकीच मला स्वतःची किळस आली.

"टेप काढ," मी म्हटलं.

"काढतो, पण रोज डोळ्यांत खुपेल."

पिवळा दिवा लागला. गाडीतल्या मूळ सेन्सरवरचा नंबर उतरवून घेऊन मी त्याच नंबरचा कंपनीचा सेन्सर मागवला. तो येईपर्यंत कामासाठी राजापूरला एसटीने जातोय. वहीतल्या त्या चोवीस ओळी मात्र घरी आल्या आल्या खोडल्या.