शेंदराखालची रंभा

दसरूचे पाटे-वरवंटे सिंदेवाहीच्या बाजारात एकेकाळी हातोहात खपायचे. नव्वद साल उलटलं, घरोघरी मिक्सर आले आणि दसरूची छिन्नी रिकामी पडली. दुसरा कोणी असता तर बल्लारपूरला मजुरीला गेला असता. या गड्यानं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माझ्या सायकलच्या दुकानासमोर, एक काळा धोंडा आणून टाकला आणि त्यातून बाई काढायला बसला.

बाई निघाली ती कमरेत वाकलेली. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, हातात भाताच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंडी, कपाळाला आठी, गालावर चामखीळ. गावानं बघताक्षणी ओळखलं, ही तर दसरूची बायको रंभा, रोवणा म्हणजे भाताची लावणी करताना.

मग काय गहजब! सरपंच सोमाजी तडक पाळीवर आले. त्यांच्या मनात घागर घेतलेली एखादी गोरीगोमटी नार असावी.

"दसरू, बाईमाणसाची अशी वाकलेली मूर्त करते का कोणी? सरळ उभी कर तिले."

"सोमाजीभाऊ, तुमी उभ्यानं रोवणा करून दाखवा," दसरू म्हणाला, "मंग मी तिले सरळ करतो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सोमाजी पाय आपटत गेले आणि मूर्ती होती तशी राहिली.

खरी लढाई पुढेच होती. एका वर्षी आजूबाजूच्या गावांचं धान करपलं आणि आमचं तेवढं पिकलं. तलाव भरलेला होता म्हणून पिकलं, हे कोणी म्हणेना. सकाळी दुकान उघडतो तो मूर्तीला शेंदूर, पुढ्यात फोडलेला नारळ. दसरूनं ते पाहिलं आणि त्याचं डोकं सणकलं. घरून घासलेट आणि नारळाच्या काथ्या आणून त्यानं मूर्ती लख्ख घासली.

"पाप लागन रे!" लोक ओरडले.

"एकदा देवी केली का, मंग तिची कंबर दुखते का म्हणून कोणी पुसत नाई," तो म्हणाला. "ही माही बायको हाय. बायकोच राहीन."

लोकांनी शेंदूर फासायचा, यानं घासायचा, अशी वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात हिवतापानं दसरू गेला. गाव म्हणालं, देवीचा कोप! अर्धं गाव तापानं फणफणलं होतं, पण कोप म्हणे एकट्या दसरूवर. मला इतकी चीड आली की चार दिवस कोणाच्या सायकलला हात लावला नाही.

आता घासणारं कोणी उरलं नाही. शेंदराचे थर चढले. चामखीळ बुडाली, आठी बुजली, वर चांदीचे डोळे चिकटवले. खाली चौथरा झाला आणि सुकलू नावाचा एक रिकामटेकडा आपणहून पुजारी झाला.

नवरात्रात रंभाबाई फुलं घेऊन आली. नवऱ्याच्या हातचं काम होतं, तिचा जीव त्यात होता. चौथऱ्यावर पाय ठेवणार, तोच सुकलू आडवा आला.

"वर नोका येऊ, रंभाबाई. विधवेनं देवीले शिवू नये."

तिनं त्या शेंदरी तोंडाकडे पाहिलं आणि मागे फिरली. गेली बिचारी, असं मला वाटलं. थोड्या वेळानं ती परत आली, हातात घासलेटची बाटली आणि काथ्या. मागून तिच्यासोबत रोवणा करणाऱ्या साऱ्या बाया.

सुकलूला बाजूला सारून ती चढली. आधी चांदीचे डोळे उपटून त्याच्या हातात दिले आणि घासायला लागली. काळा दगड दिसू लागला. गालावरची चामखीळ उघडी पडली, मग कपाळाची आठी. तशीच आठी घासणारीच्याही कपाळाला होती.

सोमाजी धापा टाकत आले. "रंभाबाई, आयका! देवीचा कोप होईन!"

रंभाबाईनं हात थांबवला नाही.

"झाला ना, भाऊ," ती म्हणाली. "दिसून नाई राह्यला?"