ओट्यावरची बानाआत्या

माझी आत्या बानाबाई जन्मभर कन्नडच्या घाटात मेंढरांमागे चाललेली. तिला एका जागी बसवणं म्हणजे शिक्षाच. सत्तरीला टेकल्यावर तिला टीबी निघाला. शहरातला दवाखाना जवळ पडावा म्हणून तिचा मुलगा हनुमान तिला आमच्या हर्सूलच्या घरी सोडून गेला. आल्यापासून तिने ओटा धरला. ताट वेगळं, अंथरूण वेगळं आणि दिवसभर ओट्यावरून फाटकापर्यंत येरझारा. तिच्याकडे बघून मलाच धाप लागायची.

गोळ्या लागू पडल्या, खोकला थांबला. आता लागण व्हायची भीती नाही, खुशाल घरात घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी बाई उंबरा ओलांडेना. अंग मात्र उतरतच होतं. कंबर धरून चालायची. हनुमान म्हणायचा, टीबीच तो, माणूस वाळणारच. माझ्या पोरांना लागण नको म्हणून आई बाहेर राहते, असं समजून तिचं कौतुकही करायचा. आमच्यात एकदा टीबीचं नाव निघालं की सगळी दुखणी त्याच्याच माथी! या शहाणपणाचा मला भयंकर राग येतो.

एका रविवारी मी बिरोबापुढे दिवा लावत होते. हात तेलकट झालेले, म्हणून दारातूनच आत्याला म्हटलं, आत येऊन देवाच्या टाकाला जरा भंडारा लाव. ती चटका बसल्यासारखी मागे सरली. टीबीने देव कधीपासून बाटायला लागला? मी तिला धरून बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. मान न उचलता ती बोलली.

"मला विटाळ हाय पोरी. दिवाळीपासनं अंगावरनं जातंय. ह्या वयात कुणाला सांगू?"

हिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली! हनुमानला बोलावून तिला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. उशीर झालाय, पण टीबीच्या गोळ्या चालू ठेवून विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन देऊ, शरीराने साथ दिली तर वाचतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हनुमान आईवरच चिडला, सांगायचं नाही का म्हणून. ती खुर्चीवरून उठायची, बसायची, परत उठायची.

शेवटी तिनेच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, बरं होईस्तोवर मी भाईरच बसू का?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मला कळला. जगेन का, हे तिने विचारलंच नव्हतं. संतापाने आणि मायेने माझे डोळे भरून आले.

"नाय आत्या," मी म्हटलं, "आजपासनं तू माझ्यापाशी निजायचं."