टाकली का?

घोडेवाल्यांचे किस्से लीदीसारखे असतात. कितीही झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग तयार! आमच्या कट्ट्यावर तर तोटाच नाही. कट्टा म्हणजे तिघंच. कंधारचे कांबळे सर, हायस्कुलात विज्ञान शिकवतात. नांदेडचे रऊफभाई, त्यांचे वरातीचे घोडे. आणि मी, लातुरात टायरचं दुकान. तिघांची हौस एक आणि धाकधूकही एकच.

ती धाकधूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घोड्याला उलटी होत नाही. पोट अडकलं की जनावर लोळतं, पाय झाडतं, आणि सकाळी खरारा केलेला घोडा दुपारी नसतो. रऊफभाईंचा बादशहा असाच गेला. म्हणून कुणाचंही जनावर दुखायला लागलं की बाकीचे दोघं सारखा फोन लावतात आणि एकच विचारतात, "टाकली का?" लीद टाकली का, एवढाच अर्थ. टाकली म्हटलं की दुसरा सवाल, "ओली का कोरडी?" ओली म्हणजे वाचलं. कोरडी म्हणजे फिरवत राहा. रामराम, जयभीम, सलाम हे सगळं आमच्यात त्याच्यानंतर.

*

कांबळे सर बारावीच्या पेपरला पर्यवेक्षक होते आणि घरी त्यांचा घोडा दुखून राहिलेला. वर्गात मोबाईल न्यायचा नाही. मग सरांनी शिपायाला सांगून ठेवलं, घरून फोन आला की दारात येऊन नुसता अंगठा दाखव.

शिपायानं अंगठा दाखवायला आणि भरारी पथक जिना चढून यायला एकच गाठ पडली. हा इशारा कसला, म्हणून साहेबांनी सरांनाच धरलं. सरांना खरं बोलायची वाईट खोड. म्हणाले, "साहेब, लीद."

साहेबांना वाटलं ही कॉपीवाल्यांची नवी भाषा. सगळ्या पोरांचे खिसे झडले, कंपासपेट्या उलट्या झाल्या. शेवटी साहेबांनी स्वतः सरांच्या घरी फोन लावला. कांबळेवहिनी शांतपणे म्हणाल्या, "हाव, टाकली. ओली हाय. साहेबांनी येऊन बघितली तरी चालंल."

*

एप्रिलात बायकोचा मामेभाऊ लई वर्षांनी किनवटहून आला. घामाघूम झालेला, टेकल्या टेकल्या कूलर लावा म्हणाला. बायकोनं सांगितलं, कूलर लालीकडं हाय.

लाली म्हणजे माझी घोडी. पण हे त्याला कुठं माहीत? स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बहिणीला हळूच विचारलं, कधीपासून चालू हाय हे? दोन साल झाले, बायको म्हणाली, आणि तिचे हरभरे रोज मीच भिजवते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

खरं कळल्यावर त्याला हायसं वाटेल, असं मला वाटलं होतं. त्यानं चारा, नाल, डॉक्टर असा सगळा खर्च विचारून घेतला आणि म्हणाला, "दाजी, बाई परवडली असती."

*

माळेगावच्या जत्रेत चालीच्या स्पर्धेत लालीला उतरवायचं ठरलं. भाड्यानं पिकअप, नवा लगाम, घुंगरं, आठवडाभर तूप-गूळ, आणि दुकान बंद ते वेगळंच. लालीची चाल अशी की पाठीवर भरला पेला ठेवला तरी सांडणार नाही. तरी पाय मुरगळतो का काय, एवढंच माझ्या डोक्यात.

पाय मुरगळला नाही. मैदानाच्या मधोमध आली आणि आईसक्रीमवाल्याची घंटा ऐकून जी थांबली ती थांबलीच. रऊफभाईंनी चुचकारलं, मी हात जोडले. ती त्या गाडीकडं बघत राहिली.

उत्तेजनार्थ एक फेटा मिळाला. बायको म्हणाली, एवढ्या पैशात सगळ्या गल्लीला फेटे बांधून झाले असते. मग घडी घालून कपाटात ठेवला. ऋतूच्या लग्नात लागेल म्हणाली.

*

ऋतू आमची एकुलती एक. लॅबमध्ये नोकरीला आहे, पोरगी हुशार. तरी दोन स्थळं परत गेलेली आणि दोन्हींचा निरोप एकच, घोडी पोसणाऱ्या घरात पैसा टिकत नाही. मला ते लई लागलं होतं. म्हणून उदगीरचे पाहुणे येणार कळल्यावर बायकोनं हुकूम काढला, लालीचं नावसुद्धा घ्यायचं नाही. शेडपुढं ताडपत्री बांधली.

आणि नेमकं त्याच सकाळी लालीचं पोट धरलं! डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले, फिरवत राहा म्हणाले. मी नवा शर्ट घालून पाहुण्यांपुढं बसलो, आणि पोरगी नेसलेली साडी खोचून मागं लालीला फिरवून राहिली. आवरतेय, असं पाहुण्यांना सांगितलं. इकडं पोरीचं लग्न, तिकडं लालीचा जीव. पोह्याचा घास तोंडात फिरत होता.

बायको मागं जाऊन आली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. घाईत स्पीकर चालू झाला. कांबळे सर होते.

"वहिनी, टाकली का?"

"टाकली हो सर, आत्ताच टाकली!"

एवढं बोलली आणि तिच्या ध्यानात आलं. सर दुसरा सवाल विचारायच्या आत तिनं फोन कापला. त्यामुळं ओली का कोरडी, ते मला कळलंच नाही.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "कुणी टाकली?"

बायकोनं मागच्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ह्यांनी," ती म्हणाली. "कधीमधी टाकतात. सणासुदीला."

मी सुपारीसुद्धा खात नाही. पण मान खाली घातली.

पाहुण्यांनी सुस्कारा सोडला. "एवढंच होय? माणूस म्हटल्यावर थोडीफार चालती. आम्हाला कुणीतरी सांगितलं, तुमच्याकडं घोडी हाय. आमच्या थोरल्या भावानं घोड्यापायी सगळं घालवलं. हे पोरगं बी रात्रंदिस त्याच्या तबेल्यातच पडून असायचं. लई मुश्किलीनं तोडलं त्याला."

मागं लाली खिंकाळली.

मागच्या दारातून ऋतू आत आली. साडी खोचलेलीच, केसांत कडबा, हातात दोर.

"घोडी हाय," ती म्हणाली. "माझी हाय. पप्पांनी आयुष्यात थेंब घेतलेला न्हाई. टाकली ती लालीनं."

मुलगा आल्यापासून पोह्याच्या बशीकडं बघत होता. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"ओली का कोरडी?"