मोहरीहून बारीक

फुलाबाई काकू खोटं बोलत नाहीत. हे कौतुक म्हणून लिहीत नाही. आमच्या हिर्डोशी गावात त्यांच्या या सवयीचा लोकांना त्रासच जास्त झाला. एकदा शेजारच्या घरी सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी त्यांना सहज विचारलं, पोरगा कसा आहे. काकू म्हणाल्या, "कामाला चांगला. पर शनवारी पितो." सोयरीक मोडली. त्या घरानं दोन वर्षं काकूंशी बोलणं टाकलं.

बियाण्याला मात्र सगळे त्यांच्याकडेच येतात. नाचणीची चांगली कणसं निवडून त्या चुलीवर धुरात टांगतात. पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधतात आणि मोड बघून सांगतात. "ह्ये पेर. ह्ये कोंबड्यांना घाल."

त्यांचा मुलगा स्वरूप माझ्या वर्गात होता. पुण्याला कामाला गेला, तिथं प्रार्थनेला जाऊ लागला, ख्रिस्ती झाला. दोन वर्षांपूर्वी वरंधा घाटात त्याची मोटारसायकल घसरली. तो गेला. त्याच्या सामानातून घरी आलं ते बायबल, तांबड्या पेनानं खुणा केलेलं.

काकूंना वाचता येत नाही. मी मराठी घेऊन बीए झाले, आणि सध्या घरीच आहे. संध्याकाळी मी वाचायची, त्या ऐकायच्या. फक्त खुणांची वाक्यं. एका खुणेपाशी येशू म्हणत होता की, जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला तरी जगेल. ते त्या रोज वाचायला लावायच्या. दुसरीकडे लिहिलं होतं, देव खोटं बोलूच शकत नाही. ते वाचलं त्या दिवशी काकू पोटभर जेवल्या.

भोरला एका शिंप्याच्या माडीवर दर रविवारी प्रार्थना होते. दानिएल पास्टर घेतात. काकू एसटीनं जाऊ लागल्या. स्वरूप जिथं आहे तिथं आपल्यालाही जाता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. पास्टरांनी बाप्तिस्म्याचा दिवस ठरवला. डिसेंबरातला रविवार, धरणाच्या पाण्यात. विश्वास आहे असं सांगायचं, मग पास्टर पाण्यात बुडवून वर काढतात.

आठ दिवस उरले होते. मी खूण नसलेलं एक पान वाचलं. चूक माझीच. येशू तिथं सांगतो की मोहरीचा दाणा सगळ्या बियांत बारीक, पण त्याचं झाड एवढं होतं की पाखरं येऊन त्यात राहतात.

"परत वाच."

मी परत वाचलं.

काकू उठल्या. ताटलीत एका बाजूला मोहरी टाकली, दुसऱ्या बाजूला नाचणी. ताटली माझ्यापुढे धरली.

"बारीक कंचं?"

"नाचणी."

"राजगिरा तर हिच्याहून बारीक. आन मोहरीत पाखरं ऱ्हात्यात व्हय?"

मला हसू आलं. मला वाटलं, हे सोपं आहे. "काकू, ही अतिशयोक्ती. अलंकार असतो तो. बोलणारा मुद्दाम वाढवून बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. तुम्हीच नाही का म्हणत, हजारदा सांगितलं म्हणून? मोजून हजारदा सांगता का?"

"म्या म्हनते. म्या देव न्हाई."

त्या ताटलीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आन मंग, मेला तरी जगंल, ह्यो बी त्यो अलंकारच का गं?"

तीन वर्षं मी अलंकार शिकले. परीक्षेत ओळखून दाखवले. त्या दिवशी मी बायबल मिटलं आणि घरी निघून आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. भाकरी मोडायच्या आणि तशीच ठेवायच्या. शेजारच्या बाळाबाई येऊन बसल्या. "आमच्या देवाला नारळ दिला की झालं बाई. त्यो बिया न्हाई बघत."

"म्हनून तर तुजं बी उगवत न्हाई," काकू म्हणाल्या. पण त्यात जोर नव्हता.

मी घाबरून पास्टरांना फोन केला. गुरुवारी ते आले. चहा घेता घेता त्यांनी नीट समजावलं. "मावशी, येशू गालीलातल्या शेतकऱ्यांशी बोलत होता. तिथं नाचणी नव्हती. त्यांच्या हातातलं सगळ्यात बारीक बी म्हणजे मोहरी. काही लहान सांगायचं तर ते मोहरीच म्हणायचे. तो बियाण्याचा धडा देत नव्हता. लहानातून मोठं कसं होतं ते सांगत होता. खोटं म्हणजे फसवणं. इथं कोण फसलं?"

"म्या," काकू म्हणाल्या.

पास्टर हसले. मग त्यांना दिसलं की काकू हसत नाहीत.

"म्हंजी त्यो त्यांच्या गावचं बोलला," काकू म्हणाल्या. "बरुबर हाय. मंग माझ्या पोराचं, मेला तरी जगंल म्हनून बोलला, त्ये कुठल्या गावचं?"

"ते वेगळं, मावशी."

"वळखायचं कसं?"

पास्टरांनी कप खाली ठेवला. "येशूनं ते कुणाला सांगितलं ते बघा. भाऊ मेलेल्या बाईला. अशा बाईशी कोणी वाढवून बोलत नाही."

"बोलत्यात की," काकू म्हणाल्या. "स्वरूप गेला तवा समदं गाव वाढवूनच बोलत हुतं."

पास्टर उरलेला चहा तसाच ठेवून गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, प्रार्थना कर. मला प्रार्थना येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी काकूंच्या दंडावर चोळी सैल झालेली दिसली. मी म्हणाले, "काकू, उद्या विचारतील, विश्वास आहे का. नुसतं हो म्हणा. कोण तपासतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देवाम्होरं खोटं बोलू? पोराकडं जायाचं त्ये बी खोटं बोलून? आगं, शिकलीस नव्हं तू?"

रविवारी दहा-बारा जण पाण्याकाठी जमले. गाणं झालं. बाळाबाईही बघायला आल्या होत्या. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. काकू लुगडं आवरत त्यांच्यापर्यंत गेल्या. पाणी गार होतं. त्यांचे दात वाजत होते, काठापर्यंत ऐकू येत होते.

पास्टरांनी विचारलं, "प्रभू येशूच्या वचनावर तुमचा विश्वास आहे?"



"सांगता येत न्हाई," काकू म्हणाल्या. "बियाचं मला पटल्यालं न्हाई. पोराचं खरं निघावं आसं लई वाटतं. पर वाटनं म्हंजी इसवास नव्हं. त्ये म्या हाय म्हनून कसं सांगू?"

मला वाटलं, आता पास्टर त्यांना परत पाठवतील. पाठवलं तर ही बाई जगायची नाही, असंही वाटलं.

"पर मला त्याच्याकडं जायाचं हाय," काकू म्हणाल्या.

त्यांनी नाक धरलं. आणि पास्टर काही ठरवायच्या आत स्वतःच पाण्यात खाली बसल्या.

किती वेळ ते मी मोजलं नाही. पदर वर तरंगत राहिला. पास्टर तिथंच उभे, दोन्ही हात पुढे केलेले. मग काकू वर आल्या. ठसकल्या. डोळ्यांवरचं पाणी पुसलं.

"झालं का?"

पास्टरांनी काठावरच्या लोकांकडे पाहिलं. मग काकूंकडे.

"मला माहीत नाही, मावशी."

काकूंनी मान हलवली. तळाचा चिखल निसरडा होता. बाहेर यायला त्यांनी पास्टरांचाच हात धरला.