बंद दाराचा पुरावा

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला ‘पुरावा’ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. त्याला राग यायचा नाही. उलट आपल्या कामाची कदर होतेय असं वाटायचं. खिडकीकडे पाठ करून तो दिवसभर लिफ्टच्या प्रोग्राममधले दोष शोधत बसायचा. स्वतःच्या डोळ्यांवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता; यंत्र दाखवेल तोच पुरावा. एकदा बायको तापाने फणफणली होती, तर थर्मामीटरवर बत्तीस दिसतंय म्हणून या गृहस्थाने तिच्या अंगावर तीन रजया घातल्या आणि तुला थंडी वाजतेय असं तिलाच समजावलं. बॅटरी उतरली होती हो! बायको अजून ते विसरलेली नाही, आणि का विसरावं?

तर झालं असं, की एका सात मजली इमारतीतल्या लिफ्टमध्ये नवा प्रोग्राम घालायचा होता. इमारत नेमकी त्याचे वडील राहतात तीच. हा लिफ्टमध्ये शिरला, लॅपटॉप जोडला आणि डिबगर सुरू केला. डिबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या पोटात डोकावून आत काय चाललंय ते पडद्यावर दाखवणारं साधन. लिफ्टचं दार घट्ट लागलेलं होतं, आणि पडद्यावर आलं, ‘उघडं + अर्धवट + अडकलेलं’. एकच दार, एकाच वेळी तिन्ही! शहाण्या माणसाने हात लावून पाहिलं असतं. हा पडद्यावर नजर ठेवून सरळ बाहेर पडायला गेला आणि दारावर आपटला. नाक चांगलं सुजलं. तरी अहवालात त्याने ‘दार उघडं असल्याचं आढळलं’ असंच लिहिलं, लिफ्टला सील लावलं आणि खाली सही ठोकली.

वडील एक्क्याऐंशीचे, राहायला सातव्या मजल्यावर आणि गुडघे पार कामातून गेलेले. रोज चार वाजता खाली उतरून बाकावर घड्याळवाल्यांशी बुद्धिबळ खेळायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता. घड्याळवाले समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान त्यांनी कधीच बंद केलं होतं, कानाला ऐकू येत नव्हतं आणि जिना चढायची तर बातच सोडा. तीन आठवड्यांनी त्यांची लेक त्यांना कायमचं लांबच्या शहरात आपल्या घरी नेणार होती. त्याआधी मला एकदा त्याच्यासमोर बसू दे, एवढंच वडिलांचं मागणं होतं.

खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचा प्रयत्न झाला, पण जिना इतका चिंचोळा की पहिल्याच वळणावर खुर्ची अडली. अर्धा तास वडील तिथे छताकडे बघत बसले होते. शेवटी त्यांनी लेकाला स्पष्ट सांगितलं, की सील लागलं त्याच सकाळी मी त्या लिफ्टने जाऊन आलोय, दार छान लागतं. लेक म्हणाला, “बाबा, तुम्हाला तसं वाटतं. पडद्यावर उघडं दिसतंय.” झालं, विषय संपला!

मग म्हाताऱ्यांनी टोपलीत पट ठेवून दोरीने खालीवर करायला सुरुवात केली. चौथ्या मजल्याशी वारा लागायचा आणि वजीर उडून जायचा. घड्याळवाले तो मेला असं धरायचे. वडील वरून ओरडायचे, की मेला नाही, पडलाय! बहिऱ्यापुढे ओरडून काय उपयोग? यावरून दोघांचा दोन दिवस अबोला झाला, म्हणजे टोपली रिकामीच खालीवर झाली.

इकडे पुराव्याची झोप उडाली होती. त्याने सेन्सर तीनदा बदलला, दारसुद्धा बदललं, पण पडदा आपला ठरलेले तीन शब्द सोडेना. साहेबांनी बैठक बोलावली आणि बंद दार आणखी बंद कसं करावं यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी त्या दारापुढे दुसरं दार बसवायचं ठरलं.

घड्याळवाल्यांच्या जाण्याचा दिवस उजाडला. लेकीची गाडी आली. वडील गॅलरीत रुमाल घेऊन उभे, शेजारी हा. घड्याळवाल्यांनी मान वर केली, मजले मोजले, एक चुकला, आणि सहाव्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला भरल्या डोळ्यांनी कितीतरी वेळ हात हलवला. त्या बिचारीनेही हलवला. वडील हाका मारत राहिले. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दुसरं दार बसवायला वायरमन आला. कानामागे स्क्रूड्रायव्हर अडकवून तो पडद्याकडे बघत राहिला.

“साहेब, यंत्रात हे असे शब्दच असतात का?”

“छे, आकडे असतात. शब्द डिबगर लावतो, एका यादीवरून.”

“मग आकडा बघितलात?”

नव्हता बघितला! आता बघितला, तर दोनशे पंचावन्न. आणि दोनशे पंचावन्न म्हणजे ‘बंद’. नव्या प्रोग्रामबरोबर नावांची यादी नव्या पद्धतीने लिहून आली होती, आणि जुना डिबगर ती जुन्या पद्धतीने वाचत होता. जुन्या पद्धतीत एकशे सत्तावीसच्या वरचे आकडे उणे धरले जायचे, त्यामुळे दोनशे पंचावन्नला तो उणे एक समजायचा. उणे एकला यादीत नाव सापडेना, म्हणून जमतील ती नावं त्याने एकत्र जोडून दाखवली होती. लिफ्ट पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. पुराव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने त्या आकड्यांची चार पानं छापून खिशात घातली, सील तोडलं आणि वडिलांना खाली आणलं. वडील बाकावर आपल्या ठरलेल्या कडेला बसले. दुसरी कडा रिकामी होती. तिथे बसायची याची हिंमत होईना, म्हणून हा उभाच राहिला.

“सापडला का रे बिघाड?”

“बाबा, बिघाड नव्हताच. लिफ्ट चांगलीच होती. माझंच चुकलं.”

“सगळे दिवस चांगली होती?”

“हो.”

वडिलांनी बाकाची रिकामी कडा हाताने पुसली. मग म्हणाले, “असं नको सांगूस. बिघाड होता म्हण.”

आयुष्यात कधी पुराव्याशिवाय शब्द न काढलेल्या त्या माणसाने खिशातली पानं मुठीत चुरगळली.

“फार मोठा बिघाड होता, बाबा. तुम्ही आत पाऊल टाकलं असतं तर काहीही झालं असतं.”

वडिलांनी मान डोलावली.

“मग बरं केलंस,” ते म्हणाले. “बंद ठेवलीस ते बरं केलंस.”