अण्णांच्या डोक्यावर टोपी

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, डोक्यावर कधी काही घालत नसत. सोलापूरच्या उन्हात माणसं टोपी चढवून, नाहीतर टॉवेल गुंडाळून बाहेर पडतात. अण्णा भर एप्रिलात बोडक्या डोक्यानं शाळेत शिकवायला जायचे आणि तसेच परत यायचे. आमच्याकडं पुरुषाला उघड्या डोक्यानं कुंकू लावत नाहीत. त्यामुळं लग्नकार्यात कुणी टोपी पुढं केली, की अण्णा हात आडवा करायचे आणि खिशातला रुमाल काढून डोक्यावर धरायचे. विचारलं तर म्हणायचे, "माज्या वडलांनी सोडली, मग मी कशाला घालू?"

गंमत अशी, की माझ्या आजोबांनी टोपीपायीच फटके खाल्ले होते. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, तेव्हा पांढरी टोपी घालून रस्त्यावर दिसणं हासुद्धा गुन्हा होता. आजोबा दिसले. पाठीवर वळ घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात का होईना, टोपी घालूनच जेवायला बसू लागले. पुढं स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी ते लहानग्या अण्णांचं बोट धरून जुन्या दगडी इमारतीपुढं झेंडा बघायला गेले. आजी सांगायची, "जाताना टोपी होती, येताना न्हवती. इचारलं तर बोलंनात. पोरगंबी बोलंना." त्यानंतर मरेपर्यंत आजोबांनी टोपी घातली नाही.

तिथं काय घडलं, हे कोडं घेऊनच मी मोठी झाले. लहानपणी मला वाटायचं, गर्दीत पडली असेल. पण टोपी पडली तर माणूस दुसरी विकत घेतो, जन्मभर सोडत नाही.

गेल्या वर्षी त्या दगडी इमारतीची डागडुजी झाली. आमच्या भागातल्या मंडळींनी ठरवलं, की स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी तिथंच जुन्या आठवणींचा कार्यक्रम करायचा. ते अण्णांना विचारायला आले, तेव्हा अण्णा नाही म्हणणार असं मी धरूनच चालले होते. अण्णा म्हणाले, "येतो. टोपीचं सांगतो." मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला.

मंडळी गेल्यावर मी मागंच लागले. "अण्णा, निदान मला तरी आधी सांगा."

"न्हाई. जितं झालं तितं उभारून सांगतो की. एकदाच सांगायची गोष्ट हाय ती. तू म्होरल्या रांगेत बस."

मी बसले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि आपल्याकडच्या कार्यक्रमांना तर कसलीच घाई नसते. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आल्यावर समई पेटेना, कारण पंखा नेमका तिच्यावर होता. मग स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत, मग शाळेतल्या मुलींची दोन गाणी. इमारत मात्र सुरेख दिसत होती, दिव्यांच्या माळांत दगडसुद्धा मऊ वाटत होता. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसले होते. ओठ हलत होते. मनातल्या मनात सांगून बघत असावेत.

अखेर त्यांना बोलावलं. सूत्रसंचालक म्हणाले, "आधी सत्कार, मग आठवणी." अण्णांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात कुणीतरी उत्साहानं माइक दिलेला. पाहुण्यांनी कुंकवाचं बोट पुढं केलं आणि डोकं उघडं बघून थबकले. रुमाल काढायला अण्णांना हातच मोकळा नव्हता. मागं सत्काराच्या तबकात पांढऱ्या टोप्यांची चवड होती. एका कार्यकर्त्यानं तत्परतेनं त्यातली एक उचलली आणि अण्णांच्या डोक्यावर नीट, प्रेमानं बसवली. मी उठून "अहो, नको" म्हणेपर्यंत कुंकू लागलं, चादर खांद्यावर आली, नारळ पुढं आला आणि फोटोही निघाला.

अण्णा माइक घेऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग माइकमध्येच हळू आवाजात म्हणाले, "आता कसं सांगू?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालक भरल्या आवाजात म्हणाले, की आपल्या ज्येष्ठांचा कंठ दाटून आला आहे. पुढचं गाणं सुरू झालं. अण्णा काठी टेकत खाली आले.

रिक्षात त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "आता सांगा. मी एकटीच आहे."

"ऱ्हाऊ दे. ही डोक्यावर घिऊन तितं उभारलो मी. आता ती गोष्ट माज्या तोंडी शोभत न्हाई."

नंतर मी पुष्कळदा विषय काढला. लाडीगोडी लावली, एकदा चिडून भांडलेसुद्धा. ते मान हलवायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. राग तरी कुणावर काढायचा? त्या कार्यकर्त्यानं मानानंच टोपी घातली होती. पण अजूनही कुठल्या सत्कारात टोप्यांची चवड दिसली की मी नजर दुसरीकडं वळवते. आयोजकांना आधी एक शब्द टाकला असता तर, असं वाटत राहतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते सुचलं नव्हतं. मी आपली गोष्टीच्या नादात होते.

हिवाळ्यात अण्णा गेले. तेराव्याच्या आधी भावानं फोटो मोठा करून आणला. त्याच संध्याकाळचा होता तो, टोपी आणि कुंकवासकट. येणारा-जाणारा म्हणतो, टोपीत किती शोभून दिसतात. माझ्या फोनमध्ये त्यांचा दुसरा फोटो आहे, अंगणात बसलेले, उघडं डोकं, केस वाऱ्यानं विस्कटलेले. परवा मी भावाला तो दाखवला आणि म्हटलं, "भिंतीवर हा लावूया."

तो म्हणाला, "का गं? टोपीतल्या फोटोत काय वाईट आहे? आजोबांनी ज्यासाठी मार खाल्ला तीच टोपी आहे की."

मी फोन बंद केला. त्याला उत्तर द्यायचं तर ती गोष्ट मला माहीत असायला हवी होती.