सरांच्या नाकातले दोन थेंब

एमएस्सी झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती मुलुंडच्या एका औषध कंपनीत. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. कंपनी खोकल्याची औषधं आणि टॉनिकं बनवायची. मागच्या अंगाला एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथे सर, मी आणि बाटल्या धुणाऱ्या एक मावशी एवढीच माणसं. सरांनी मालकांना पटवून एक काम हाती घेतलं होतं. जीवनसत्त्वांनी सर्दीचा विषाणू थांबतो का, ते तपासायचं.

आमच्याकडच्या विषाणूचं नाव कोरोना. आज हा शब्द उच्चारला की माणूस दोन पावलं मागे सरतो. तेव्हा कुणाला सांगितलं तर "म्हणजे काय?" असं विचारायचे. साधं पडसं आणणारा विषाणू, परदेशातून बर्फात घालून मागवलेला. आई म्हणायची, "पडशावर संशोधन करायला एमएस्सी कशाला लागते गं? सुंठ उगाळ."

काम असं होतं. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी काचेच्या चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात वाढवायच्या. काही बाटल्यांत नुसता विषाणू सोडायचा, काहींत विषाणू आणि जीवनसत्त्व. मग रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, पेशी जगल्या की मेल्या. 'ए' आणि 'ई' तेलकट असल्यामुळे पाण्यात मिसळायचीच नाहीत, त्यात महिने गेले. 'सी'च्या बाटल्यांत मात्र विषाणू एकदम थंडावला. सर मुलासारखे हसले. 'सी' मुळात आम्ल. मग मी त्याचा आंबटपणा मारून पुन्हा करून पाहिलं, तर विषाणू मजेत वाढला. म्हणजे पहिल्या वेळी जो काही परिणाम झाला तो आंबटपणाचा. विषाणूच काय, त्या आंबट पाण्यात पेशीही धड राहिल्या नव्हत्या.

सरांनी ती बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "बाटलीला रक्त नसतं, नाक नसतं. शरीरात जीवनसत्त्व वेगळं वागत असेल."

"असेलही. पण ते इथे कसं कळणार?" मी म्हटलं.

त्यांनी ती बाटली धुवायच्या बाटल्यांत नेऊन ठेवली.

सर पन्नाशीचे, अविवाहित, मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते. आई लवकर गेली म्हणून थोरल्या बहिणीने, आक्कांनी, त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. दोघं मुलुंडलाच दोन खोल्यांत राहायची. मी घाटकोपरहून यायची. कधी डबा विसरले तर आक्का माझ्यासाठी सरांबरोबर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवायच्या. दम्याने बेजार असायच्या, पण हाताला चव होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी चहा घेताना सर मला म्हणाले, "परवा मी विषाणू घेतला."

मला वाटलं, फ्रीझरमधली कुपी काढली असेल. "कुठल्या बाटल्यांसाठी?"

"बाटल्यांसाठी नाही. नाकात टाकला. दोन्ही नाकपुड्यांत एकेक थेंब." हे त्यांनी साखर कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. "दोन महिने 'सी'चा मोठा डोस घेतोय. आधीचं रक्त काढून ठेवलंय. आता बघायचं, सर्दी होते का."

मी कप खाली ठेवला. परदेशात लोक स्वतःहून सर्दी लावून घेतात, हे आम्ही दोघांनी वाचलेलं होतं. पण तिथे त्यांना वेगळ्या घरात ठेवतात, कुणाला भेटू देत नाहीत, जेवणसुद्धा दाराबाहेर ठेवतात.

"सर, तुम्ही परवापासून घरी जाताय?"

"मनोरीला, खाडीपलीकडे, मित्राची खोली रिकामी आहे. तिथे राहायचा विचार होता. पण मग इथल्या बाटल्या कुणी बघायच्या?"

"मी आहे ना."

"अगं, साधं पडसं आहे ते. आणि मला काही झालेलं नाही. बघ, नाक कोरडं आहे."

खरंच कोरडं होतं. आठवडाभर ते शिट्टी वाजवत फिरत होते. मला आतून राग येत होता आणि त्याच वेळी रोज त्यांच्या नाकाकडे लक्षही जात होतं. उत्सुकता मलाही होती, खोटं कशाला सांगू.

मग एका सकाळी सर आले नाहीत. दुपारी फोन आला, आक्कांना हॉस्पिटलात ठेवलंय, दमा उसळलाय.

संध्याकाळी मी गेले. आक्का उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी. प्रत्येक श्वासाला गळ्यातला खळगा आत ओढला जात होता. दोन दिवस आधी शिंका सुरू झाल्या, मग छाती भरली, असं शेजारीण सांगत होती. सर बाहेर डॉक्टरांशी बोलत होते. मला वाटलं, औषधांबद्दल विचारत असतील. जवळ गेले तेव्हा शब्द ऐकू आले. "तपासणीला काढलेल्या रक्तातलं थोडं उरलं असेल, तर मला हवंय."

बहिणीला श्वास घेता येत नव्हता, आणि हा माणूस तिचं रक्त मागत होता. हा आपलाच विषाणू का, ते नंतर पडताळून बघायला.

दोन-तीन दिवसांनी आक्कांना जरा उतार पडला. मी मोसंबी घेऊन गेले. त्यांनी उशीखालून एक डबी काढून माझ्या हातात दिली. "ह्यातली एक दी गो माका. भाव रोज दिता. दम्यार बऱ्यो म्हणता."

भाव म्हणजे भाऊ, म्हणजे सर. डबीत नारिंगी गोळ्या होत्या. मी त्या ओळखल्या. आमच्याच कंपनीच्या, 'सी'च्या.

कॉरिडॉरमध्ये सर भेटले. मी डबी त्यांच्यासमोर धरली. "सर, हा प्रयोग आक्कांवरही चालला होता?"

"नाही," ते म्हणाले. त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली. मग हळूच म्हणाले, "सुरुवातीला नाही."

म्हणजे गोळ्या आधी नुसत्या दम्यासाठी, आणि पुढे त्या खाणारी बहीण हीसुद्धा प्रयोगातली एक बाटली. मी जिना उतरले. बसस्टॉपवर बस आली, गेली, दुसरी आली. मी तशीच उभी.

आक्का घरी आल्या. आणखी काही आठवड्यांनी सरांनी दोघांचं रक्त पुन्हा काढवलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "मी करणार नाही. माझ्या हातावर माझा भरवसा नाही. तू कर."

तपासणी सोपी होती. रक्तातला पाण्यासारखा भाग विषाणूत मिसळून पेशींवर घालायचा. शरीराने त्या विषाणूशी सामना केलेला असेल, आणि त्याला काही आठवडे लागतात, तर पेशी वाचतात, नसेल तर मरतात. आधीच्या रक्ताच्या, म्हणजे सरांच्या थेंबांपूर्वीच्या आणि आक्कांच्या हॉस्पिटलातल्या रक्ताच्या, बाटल्यांत पेशींचा चोथा झाला होता, दोघांच्याही. नंतरच्या रक्ताच्या बाटल्यांत पेशी सुरेख, ओळीने पसरलेल्या, दोघांच्याही. इतक्या निरोगी पेशी बघून एरवी मला आनंद झाला असता. त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले आणि सरांना हाक मारली.

जीवनसत्त्वाने विषाणूला थांबवलंच नव्हतं. सरांना विषाणूने गाठलं होतं, फक्त शिंक आली नव्हती. शिट्टी वाजवत हिंडणाऱ्या त्या माणसाने तो घरी नेला होता. आक्कांना दुसरीकडून कुठून तरी लागला असेल, असं म्हणता आलं असतं. सरांनी तसं म्हटलं नाही. बाटल्या पाहिल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझ्याबरोबर घरी चल. एकट्याने सांगायचा धीर होत नाही."

आक्का तांदूळ निवडत होत्या. सरांनी सगळं सांगितलं. थेंबाचं, मनोरीचं, गोळ्यांचं, रक्ताचं. काही लपवलं नाही. आक्कांची बोटं सुपात थांबली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "तू माका इचारलंस?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"माका इचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतंय. तुका मी कधी नाय म्हटलंय?"

सर तिथेच जमिनीवर बसले. मी खिडकीतून खालच्या नळावरच्या बायकांकडे बघत राहिले, कारण खोलीत कुठेही बघणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मालकांना स्वतःहून सांगितलं. मालक आधी पोलिसांची भाषा बोलले, मग कंपनीचं नाव आठवून गप्प बसले. प्रयोग बंद झाला, उरलेला विषाणू वाफेच्या कुकरात घालून मारला. सरांना गोळ्यांच्या तपासणी विभागात बसवलं. तिथे गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते बघायचं, एवढंच. त्यांनी तक्रार केली नाही. मी पुढे वर्षभर राहिले आणि अंधेरीच्या दुसऱ्या कंपनीत गेले. सरांकडून मी पेशी वाढवायला शिकले, इतकी चांगली शिकवण मला कॉलेजात मिळाली नव्हती. तरी निरोपाच्या दिवशी त्यांच्या पाया पडायला माझी कंबर वाकली नाही.

आक्कांकडे मात्र अधूनमधून जात राहिले. एकदा त्या एकट्या होत्या, बांगडे साफ करत. मी धीर करून विचारलं, "आक्का, राग गेला का?"

"राग कसलो? भाव आसा माझो," त्या म्हणाल्या. बांगड्याचं पोट फाडून त्यांनी घाण बाजूला काढली. "पण आता तेणा चाय दिल्यान, तरी मी आधी इचारतंय, ह्यात काय घातलंस?"

"मग सर काय म्हणतात?"

"काय म्हणतलो? आधी आपण घोट घेता, मगे कप माझ्या हातात दिता."